पडीक रानाची बारी

ओवीच्या प्रकल्पाचं एकसष्टावं पान उलटलं आणि तिथं माझं रान होतं. चहाचा कप टीपॉयवर ठेवायचा तो मी सोफ्याच्या हातावर ठेवला, आणि तो सांडायचा तसा सांडला. भिगवण रोडवरच्या या तिसऱ्या मजल्यावर सांडलेल्या चहाकडे बघून 'अगं बाई' म्हणायलाही दुसरं कुणी नाही. म्हणून मीच म्हटलं, 'अगं बाई इफ्फत', आणि फडकं न आणता तशीच वाचत बसले. एम.ए. भूगोल, दुसरं वर्ष, विषय 'सणसर परिसरातील विहिरी आणि पीकपद्धती'. पोरीनं उन्हातान्हात हिंडून चाळीस विहिरी पाहिल्या होत्या, हिस्सेदारांशी बोलली होती, कोष्टकं केली होती. कोष्टक नऊ, विहीर सतरा, हिस्सेदार चार. पहिल्याचा ऊस, दुसऱ्याचा मका, चौथ्याचा परत ऊस. तिसऱ्यापुढं तिनं लिहिलं होतं: मालक – बाहेरगावी, भेट नाही. पीक – नाही. पाणी – दर आठ दिवसांनी दिले जाते. कारण – समजले नाही. बाजूला फोटो. चिंब ओली जमीन, तिच्यावर पाणी पिऊन माजलेली हराळी आणि लव्हाळा, आणि कडेला बांधावरची कमरेत वाकलेली बाभूळ. ती बाभूळ नसती तर मी पुढं गेले असते, कारण स्वतःच्या रानाचा फोटो ओळखण्याइतकी मी त्या रानात गेलेलीच नाही. बाभूळ मात्र लहानपणची. अब्बांच्या जेवणाचं फडकं तिच्या फांदीला टांगलेलं असायचं.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, की 'कारण समजले नाही' असं भूगोलात लिहायचं नसतं. कुणी माळावर राहतो, कुणी नदीकाठी, कुणी ऊस लावतो, कुणी मेंढरं घेऊन फिरतो, त्याला कारण असतं; ते मातीत असेल, पाण्यात असेल, बाजारात असेल नाहीतर माणसाच्या डोक्यात असेल, पण शोधायचं. आणि ओवीनं तर प्रामाणिकपणे शोधलं होतं. मिळालं नव्हतं एवढंच. कारण तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या घरात होतं, आणि मॅडम दर पंधरा दिवसांनी तिला 'क्षेत्रभेट नीट कर हं' म्हणून दम देत होत्या. मला हसू आलं. मग चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की पकडणारीला कळलंच नव्हतं तिनं कुणाला पकडलंय.

ती विहीर माझ्या आजोबांनी, त्यांच्या भावानं आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून खणलेली. चार हिस्से, प्रत्येकाला दोन दिवस पाणी, आठ दिवसांनी फिरून पुन्हा पहिल्याकडं. सणसरला याला बारी म्हणतात. आठ दिवसांचा फेरा असल्यामुळं बारी वाराला बांधलेली नाही. या खेपेला मंगळवार, तर पुढच्या खेपेला बुधवार. शहरातल्या माणसाला हे लक्षात ठेवणं अवघड. कागदावर यातलं काहीच नाही. नियम एकच आणि तोही तोंडी: सलग तीन बाऱ्या ज्यानं पाणी उचललं नाही, त्याची बारी सुटली. मग ती बाकीच्या तिघांत वाटून जाते आणि परत मागता येत नाही. अब्बा दिवाळीच्या आधी पंधरा दिवस गेले. विसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि चुलत घरातला मुन्ना, पहिल्या हिश्शाचा मालक, हात धुता धुता म्हणाला, "आपा, दोन बाऱ्या गेल्या. तिसरी गेली की संपलं. तू बारामतीत बसून काय शेती करनार? आपलं आपल्यातच ऱ्हाऊ दे की." बोलला ते वाईट नव्हतं. पण 'संपलं' हा शब्द त्यानं टॉवेलला हात पुसत पुसत उच्चारला, आणि माझं डोकंच फिरलं. अब्बांच्या खोलीच्या दारात त्यांची चप्पल अजून होती. मी तडक उठले. बाहेर ओट्यावर भांडी आवरत होती म्हाळसा, दुसऱ्या हिश्शाची. तिचा मका आमच्या बांधाला लागून. तिला म्हटलं, "परवा आमची बारी आहे. मोटार चालू कर."

"कशावर सोडू, ताई? रान तर रिकामं हाय."

"रिकाम्यावर सोड."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि 'बरं' म्हणाली. बास. वाद नाही, सल्ला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन. "ताई, बारी तुमची हाय. करू का चालू?" मी म्हटलं, "कर." मग ती म्हणाली, "जेवला का?" सकाळचे आठ वाजले होते. मी म्हटलं, "अजून नाही, जेवेन." मग दोन मिनिटं शेळीचं, थंडीचं, तिच्या लेकीच्या सासूचं. फोन ठेवला तेव्हा मला कळलं, की दोन दिवसांत माझ्याशी कुणीतरी कॉलेजाबाहेरचं पहिल्यांदाच बोललं होतं. तेव्हापासून एकवीस बाऱ्या झाल्या. एकवीस वेळा फोन आला. मधल्या सात दिवसांत मी वर्ग घेते, पेपर तपासते, भाजी आणते, खालच्या दुकानातून दूध घेताना 'पाऊण लिटर' एवढंच बोलते, आणि आठव्या दिवशी साडेसातपासूनच फोन जवळ घेऊन बसते. एकदा ती पावणेनऊला बोलली तर मी तिला झापलं, 'वेळेवर करत जा, मला तास असतो.' त्या दिवशी रविवार होता.

तर कारण हे. लिहा म्हणावं कोष्टकात.

लोकांनी आपापली कारणं लावलीच होती. मॅडमला रान विकायचंय, पाणी चालू ठेवलं की भाव येतो, असं मुन्ना सांगत फिरायचा. म्हाळसानं दोनदा विचारलं होतं, "ताई, आमाला वाट्यानं द्या की. निम्मं तुमाला आनून टाकते." दोन्ही वेळा मी 'बघू' म्हटलं. बघण्यासारखं काही नव्हतं. वाट्यानं दिलं की रान तिचं, बारीही तीच बघणार. मग मला विचारायला फोन कशाला करील? हे मी तेव्हाही स्वतःशी स्पष्ट म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत, आणि तरी 'बघू' म्हटलं. मार्चमध्ये ती बोलता बोलता म्हणाली होती, "मका माना टाकतोय, ताई. आमच्या बारीला दीड तासात इहीर तळाला जाती, मोटार हवा घेती." मागितलं नव्हतं तिनं काही. मी म्हटलं, "यंदा पाऊस लवकर आहे म्हणतात." आणि त्याच दिवशी तिनं माझ्या हराळीला दीड तास पाणी पाजलं, दहा पावलांवर स्वतःचा मका सुकत असताना. वर्गात मी अरल समुद्र शिकवते. कापसासाठी नद्या वळवल्या, समुद्र आटला, बोटी वाळूत उभ्या राहिल्या, हे सांगताना मॅडमचा आवाज कापरा होतो, असं पोरं म्हणतात. कापरा होतो म्हणे! लाज वाटायला पाहिजे होती. वाटतही होती, पण ती सात दिवस वाटायची आणि आठव्या दिवशी सकाळी फोन वाजला की नाहीशी व्हायची.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. इंदापूरहून माधव सर आले होते, बाहेरचे परीक्षक, चष्मा कपाळावर आणि पान गालात. त्यांनी अहवाल चाळला आणि नेमका एकसष्टाव्या पानावर थांबले. "हे काय गं? रिकाम्या रानाला पाणी? कोण हा महामूर्ख?" ओवी हसली नाही. म्हणाली, "सर, मलाही आधी राग आला होता. मग मी तिथं दोन तास बसले. त्या काकू पीक असल्यासारखंच दारं धरत होत्या. एका सरीतून दुसरीत पाणी वळवत, नीट, कुठं फुटू न देता. मी विचारलं, कशाला एवढं? तर म्हणाल्या, बारी हाय." सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. विचारायला हवं होतं म्हणून विचारलं, "मग तुला काय वाटलं?" ओवी जरा अडखळली. "मॅम, मला वाटलं कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. पण ते लिहिता येत नाही ना." मी म्हटलं, "नाही. तसं लिहिता येत नाही." मग तिला भरघोस गुण दिले, आणि तेही मला लाच दिल्यासारखे वाटले. जाताना ती पाया पडायला वाकली. मी तिला दंडाला धरून उठवलं, आणि वाटलं की सांगावं, अगं ते माझं आहे. तोंडापर्यंत आलं. तिला बस गाठायची होती.

गुरुवारी बारी होती. आठला फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या एसटीत बसलेली होते. "करू का चालू?" म्हणाली. मी म्हटलं, "कर, मी येतेय." पलीकडून "या की", एवढंच. जेवला का, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही, आणि खिडकीतून बाहेर बघताना तेच मला टोचत राहिलं. बाहेर ऊस आणि मधेच काळी उघडी ढेकळं, पुन्हा ऊस. फळ्यावर मी वर्तुळं काढते. मधे बाजार, त्याला लागून दूध आणि भाजी, मग धान्य, मग गुरं, आणि सगळ्यात शेवटी, जिथं न्यायला परवडत नाही तिथं, पडीक. जितकं लांब तितकी किंमत कमी. पोरं विचारतात, मॅम, पण आपल्याकडं तर असं दिसत नाही. उसाला कारखाना जवळ, दूध टँकरनं मुंबईला, कसली वर्तुळं? मी म्हणते, हा आदर्श नमुना आहे, प्रत्यक्षात फरक पडतो. बारामती ते सणसर, जेमतेम तासाचा रस्ता. ईदला मी यायचे, सकाळी येऊन दुपारी परत. घर गावात, रान तिथून दीड किलोमीटर. "रानात चल, बघ तरी," अब्बा म्हणायचे. मी म्हणायचे, "ऊन फार आहे, पुढच्या खेपेला." नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून शेती कशी केली ते मी नकाशा काढून सांगू शकते. स्वतःच्या रानात किती सऱ्या आहेत ते मला त्या दिवशी रिक्षातून उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

रानाशी पोचले तेव्हा म्हाळसा खोरं घेऊन घोट्याइतक्या चिखलात उभी होती, साडी खोचून, डोक्याला टॉवेल. लाईट उशिरा आली होती; पाणी आत्ता कुठं माझ्या रानात शिरत होतं. पिवळा झालेला मका तिच्या मागं होता. खालची पानं सुरळी होऊन कागदासारखी वाजत होती. तेवढा वारा होता. फोनवर 'मका माना टाकतोय' ऐकणं वेगळं आणि हे वेगळं. मी बांधावरच थांबले. "म्हाळसा, तू हे पाणी तुझ्याकडं वळवलं असतंस तर मला कळलंही नसतं," मी म्हटलं. एवढं वाक्य मी एसटीत जुळवलं होतं.

"तुमाला न्हाय कळलं तरी इहिरीला कळतंय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बारीचं पानी घेतलं तर तितं उभं ऱ्हायाला त्वांड ऱ्हात न्हाय, ताई." मग खोऱ्यानं एक दार बंद केलं, दुसरं फोडलं. "पर येक सांगते, राग मानू नका. हराळी लई माजलीय. अजून सा महिनं असं पानी पाजलं तर ह्ये रान कुनाच्याच हाताला लागायचं न्हाय. आबा हुते तवा निदान कुळवून तरी ठिवायचे, रिकामं असलं तरी."

"रिकामं कसं? मका असायचा की अब्बांचा. कांदा असायचा."

ती थांबली. खोरं तसंच हातात. "कवाचं म्हनताय?"

"अगं, गेल्या वर्षीचं. त्याच्या आदल्या वर्षीचं. मका कंबरेला लागलाय म्हणाले होते. कांदा तर पोतंभर पाठवला होता मला."

"कांदा आमच्यातला हुता. इकत नेला हुता तुमाला द्याया." तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. सांगावं की नको असा तिचा चेहरा झाला होता, पण तिला लपवता येत नाही. "गुडघं गेलं हुतं त्यांचं. शेवटची दोन वर्सं हितं कायबी पेरलेलं न्हाय. नुसतं पानी सोडायचं. काठी टेकत यायचे, त्या बाभळीखाली बसायचे, आन् मी दारं धरायची. मी म्हनायची, आबा, कशाला ह्यो खटाटोप, सोडा की बारी. तर म्हनायचे, बारी सोडली तर पोरगी फोन कशापायी करील?"

मी खाली बसले. बांध ओला होता, साडी भिजली, ते मागाहून कळलं. पाच वर्षांपूर्वी अब्बांची एक बारी चुकली होती. वार सरकतो, त्यांना लक्षात राहिलं नव्हतं. तेव्हापासून मी फोनमध्ये गजर लावून ठेवला आणि दर आठव्या दिवशी तासाला जायच्या आधी त्यांना फोन करायचे. "अब्बा, आज आपली बारी." "व्हय, व्हय, निघालोच. जेवलीस का?" "जेवेन. मका कसाय?" "कंबरेला लागलाय. तुरा येईल आता." "बरं, ठेवते, तास आहे." एवढंच. दुसरा फोन नाही. कशाला करायचा, बरेच असतील, काही असलं तर कळवतील, असं मी समजायचे. शेवटी शेवटी ते लांबवायचे. रानडुक्कर आलं होतं म्हणे, अर्धी ओळ मोडून गेलं. एका खेपेला म्हणाले, पोपटांनी कणसं फोडली, बुजगावणं केलंय, त्याला माझाच जुना सदरा घातलाय, तू बघितलंस तर हसशील. मी म्हटलं, अब्बा, हजेरी घ्यायचीय, नंतर बोलू. नसलेल्या मक्याला त्यांनी माझ्यासाठी पोपट आणले, डुक्कर आणलं, बुजगावणं उभं केलं. आणि मी, आयुष्यभर पीकपद्धती शिकवणारी बाई, मला एकदाही शंका आली नाही की कंबरेला लागलेला मका महिनाभर कंबरेलाच कसा, आणि ते गेल्यावर रान एकदम रिकामं कसं? काठी टेकत दीड किलोमीटर यायचे. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, इफ्फत, फोन कर गं अधनंमधनं. म्हटलं नाही. मीही कधी म्हाळसाला म्हटलं नाही. आमच्या घरात प्रेम असंच, कामाला बांधलेलं. काम नसलं की गप्प. मला अब्बांचा इतका राग आला की मोठ्यानं 'का नाही बोललात हो!' असं तोंडातून गेलं. आणि रडू फुटलं. म्हाळसा जवळ आली नाही. पाणी फुटलं असतं. तिनं तिथूनच म्हटलं, "रडा, ताई. कोन न्हाय हितं."

रडून झाल्यावर मी डोळे पुसले, नाक पुसलं आणि तिला म्हटलं, "बंद कर हे. तुझ्या मक्याला सोड."

"तसं न्हाय व्हायाचं. बारी तुमची हाय."

"मग बारी तुला दिली. रान पण तूच कर. वाटा नको मला. काय करायचं असतं त्यासाठी?"

करायचं असतं ते एवढंच, की हिस्सेदारांना विहिरीवर बोलवायचं आणि त्यांच्यासमोर तोंडानं म्हणायचं. मुन्ना मोटरसायकलवर आला, चौथ्या हिश्शाचा सुयोग शेजारच्या उसातून चालत आला. मी विहिरीच्या कठड्याला हात लावून म्हटलं, "आमची बारी मी म्हाळसाला दिली. माझ्या माघारी कुणी मागायची नाही." सुयोगनं मान हलवली, त्याला काही नव्हतं. मुन्ना मात्र लाल झाला. "आपा, घरचं मानूस टाकून? लोक काय म्हनतील? आबांच्या जिवाला काय वाटंल?"

"अब्बांच्या जिवाला काय वाटायचं ते मला आत्ता तासापूर्वी कळलंय, मुन्ना. आणि तुझा ऊस पाणी पिऊन टम्म झालाय. गप बस."

तो गेला. गाडीचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. म्हाळसानं आभारबिभार काही मानले नाहीत. हराळीकडं बघून एवढंच म्हणाली, "ही काढायलाच दोन वर्सं जातील." मग पाण्यात उतरली, तीन खोरी माती टाकून माझ्याकडचं तोंड बुजवलं, आणि बांधाच्या कडेनं पाणी मक्याच्या पहिल्या सरीत गेलं. मी बराच वेळ बघत उभी होते. पाच सऱ्या भिजल्या आणि मोटार हवा घ्यायला लागली. तिनं भाकरी काढली, आम्ही दोघींनी बाभळीखाली खाल्ली. चारच्या एसटीनं मी परत आले.

पुढची बारी शुक्रवारी होती. आता माझी नव्हती, पण मोजण्याची सवय जात नाही. साडेसातला मी फोन घेऊन बसले, आठ वाजले, सव्वाआठ. येणार नव्हताच, विचारायचं कुणाला आणि काय? घरात पंख्याचा आवाज होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. कॉलेजला सुट्टी. मी उठून कपाट आवरलं, परत बसले. नऊ वाजता मनाशी म्हटलं, फोन करायचा तर काहीतरी काम पाहिजे. मक्याला खत कुठलं टाकलंस विचारावं. नाहीतर अब्बांच्या घराची किल्ली मुन्नाकडं आहे का बघ, असं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. तिसरंही एक काम सुचलं. तीन कामं तयार झाली, आणि मग मला माझाच इतका कंटाळा आला की मी एकही न ठरवता फोन लावला.

"बोला, ताई. काय काम हुतं?" मागं मोटारीचा आवाज.

"काम काही नाही," मी म्हटलं. आणि तिथंच अडखळले. चोपन्नाव्या वर्षी, शंभर पोरांसमोर न अडखळता बोलणारी मी. "काम नाही गं. कालपासून कुणाशी बोलले नाही. एकटं वाटत होतं, म्हणून केला."

पलीकडं खोरं चिखलात रोवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ताई, आत्ता दारं धरलीत, हात चिखलात हायत. सांच्याला मीच करते. करू ना?"

"कर," मी म्हटलं.

संध्याकाळी सहा वाजले. सात वाजले. म्हशी, धारा, सैपाक, तिला शंभर कामं; मला माहीत होतं. साडेसातपर्यंत मी वाट बघितली. फोन काही आला नाही. मग मीच लावला.